जिन्याखालच्या टेबलावरचं टपाल

१

शनिवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी कुणीतरी आमच्या दारावर मुठीने धडाधडा मारलं. बेल होती, पण ती दाबायचंही भान त्या माणसाला नव्हतं. माझ्या मैत्रिणीने, पार्सलने, तोंडात पावाचा घास असतानाच दार उघडलं.

वरच्या मजल्यावरची टेलरबाई उभी होती. गळ्यात मोजपट्टी, डोळे लाल. तिच्या मागे इमारतीचा केअरटेकर तोंड पाडून उभा होता.

"माझा पासपोर्ट द्या," ती म्हणाली. "मी कुणाला काही विचारणार नाही, कुणाला काही बोलणार नाही. फक्त पासपोर्ट द्या."

तिचा आवाज अगदी थंड होता.

हळूहळू उलगडा झाला. टेलरबाईची आई दुसऱ्या देशात दवाखान्यात होती. म्हातारीने सोमवारपर्यंत तग धरला तर नशीब, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पासपोर्ट व्हिसाच्या शिक्क्यासाठी गेलेला होता. तो आज सकाळच्या टपालाने परत आला. केअरटेकरने सही करून तो घेतला आणि बाकीच्या टपालाबरोबर जिन्याखालच्या टेबलावर ठेवला. ते आठ वाजता. नऊला टेलरबाई खाली उतरली तर टेबल रिकामं. तिचं विमान चारचं, म्हणजे घर सोडायचं ते जास्तीत जास्त दीडला.

"आणि इमारतीत परके लोक म्हणजे तुम्ही चौघीच," केअरटेकर म्हणाला.

आता आम्ही चौघी कोण, ते सांगते. एकाच पोस्टात तीस-तीस वर्षं काढलेल्या बायका. नवरे, मुलं, सुना यांना घरी ठेवून दरवर्षी दोन रात्री कुठल्यातरी शहरात जायचं, पाय मोडेपर्यंत हिंडायचं आणि रविवारी परतायचं, हा आमचा नेम. पार्सल आयुष्यभर पार्सलच्या खिडकीवर होती आणि आता तिचा आकारही त्याला साजेसा झालाय. साहेब आमची पोस्टमास्तर होती. नाकावर माशी बसू द्यायची नाही. आम्ही तिला साहेब म्हणतो आणि अगंतुगं करतो. भिंगरी पोस्टमन होती. तिला पोस्टवुमन म्हटलेलं खपायचं नाही. एकतीस वर्षं एकाच भागात चालून चालून टपाल वाटलं. आता दुपारी साडेबाराला नातीला शाळेतून आणते, आणि त्या साडेबाराच्या भोवती तिचा सगळा दिवस फिरतो. काल दिवसभर आम्ही त्या नातीचं, पिल्लूचं, कौतुक ऐकत होतो.

आणि मी तक्रारीच्या खिडकीवर. हरवलेलं टपाल शोधायचं, एवढंच काम मी अठ्ठावीस वर्षं केलं. माझा स्वभाव त्यामुळे बिघडलाय, असं घरचे म्हणतात.

"बारा वाजेपर्यंत वाट बघतो," केअरटेकर म्हणाला. "मग पोलीस."

पोलीस आले असते तर जाबजबाबातच दीड वाजला असता. हे टेलरबाईलाही कळत होतं. ती खाली मान घालून मोजपट्टी बोटाला गुंडाळत होती.

"चला," मी म्हटलं. "मला ते टेबल दाखवा."

२

जिन्याखाली एक अरुंद टेबल होतं. त्यावर आता फक्त जाहिरातींची पत्रकं होती. गालिचे धुऊन देणारे, जिमवाले, कुणी पिझ्झावाला. मी ती उचलली नाही, नुसती वाकून पाहिली. कडेला कड लावून छान एकसारखी रचलेली होती.

"ही अशी तुम्ही ठेवली होती?"

"नाही हो. मी आपला गठ्ठा टाकला. सगळं एकत्रच होतं. पत्रं, पत्रकं, पासपोर्टचं पाकीट. हिरव्या रुंद रबराने बांधलेलं."

"पत्रं कुणाकुणाची?"

"दोन नंबरमधल्या दंतवैद्याचं एक. चार नंबरचं विजेचं बिल. पाच नंबर म्हणजे या बाईंचं पाकीट. सहा नंबरच्या विद्यार्थ्याची दोन."

"तीन नंबर?" तो आम्ही दोन रात्रींसाठी भाड्याने घेतलेला फ्लॅट.

"तुम्हाला कोण लिहिणार?"

बोलणं बरोबर होतं, पण मला झोंबलं. मग मीही विचारलं, "सही करून घेतलेलं पाकीट बाईंच्या हातात का नाही दिलंत? जिना चढायचा कंटाळा?"

त्याचा चेहरा उतरला. म्हणून तो सकाळपासून चोर शोधायला एवढा उतावीळ होता. चोर नाही सापडला तर दोष त्याच्याकडे जाणार होता.

पण घेणारा तो नव्हता. ज्याला पासपोर्ट चोरायचा होता तो तेवढंच पाकीट घेऊन पळाला असता. विजेचं बिल कोण चोरतं? आणि बिल घेऊन जाणारा माणूस जाहिराती मागे ठेवतो, त्याही नीट रचून? पत्ता असलेलं सगळं गेलं होतं आणि पत्ता नसलेलं सगळं राहिलं होतं. बाहेरच्या जगात असा फरक कुणी करत नाही. लोक दोन्हीला टपाल म्हणतात. पत्ता नसेल तर ते टपालच नाही, असं मानणारी माणसं मला माहीत होती. त्यातल्या तिघी माझ्याबरोबर सहलीला आल्या होत्या.

मी स्वतःला समजावलं की हा नुसता अंदाज आहे. अंदाजावर मी कधी फाईल बंद केली नाही.

वर आले तर स्वयंपाकघरात पार्सलने नाश्ता आवरायला घेतला होता. मागची खिडकी तिने बंद केली होती, कारण मागच्या गल्लीत काल टाकलेल्या डांबराचा वास येत होता. ओट्यावर पावाची पिशवी होती. पिशवीचं तोंड पिळून बांधलेलं होतं.

हिरव्या, रुंद रबराने.

३

पहिलं गाठलं ते पार्सलला, कारण पाव तिने आणला होता.

"मी सव्वाआठला गेले आणि साडेआठला आले," ती म्हणाली. "जाताना टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही. भूक लागली होती मला."

"काल रात्री टेलरबाईशी भांडलं कोण?"

"मशीन चालू होतं डोक्यावर. दहा वाजेपर्यंत. मी वर जाऊन म्हटलं, बाई गं, झोपू दे. भांडले कुठे?" मग तिच्या लक्षात आलं. "तुला वाटतंय मी त्या रागाने पासपोर्ट लपवला? तिची आई मरायला टेकलीय हे मला माहीतसुद्धा नव्हतं. आधी माहीत असतं तर मीच बसून तिला बटणं लावून दिली असती."

"पिशवीला रबर कुणी लावलं?"

"मी कागदाची पिशवी आणली. दुमडून ठेवली. रबर कुणी लावलं बघितलं नाही. आपल्या चौघींच्याही पर्समध्ये रबरं असतात, तुझ्यासकट."

खरं होतं. पण आमची रबरं आमच्या शहरातली, पिवळी आणि बारीक. हिरवं रुंद या शहरातलं होतं.

भिंगरी बाहेरच्या खोलीत पलंगावर बसून नातीसाठी घेतलेल्या वस्तू मांडत होती. लाल केसपट्टा, त्यावर पांढरे ठिपके. शेजारी आणखी एक लाल केसपट्टा, त्यावर पांढरे ठिपके. काल तिने एक सकाळी घेतला आणि तोच दुसऱ्या दुकानातून संध्याकाळी घेतला. आम्ही तिची खूप टिंगल केली होती.

"सकाळी कुठे गेली होतीस?"

"फिरायला. नदीकाठाने गेले. झोप होत नाही गं, पाच वाजल्यापासून डोळे उघडे. आठला निघाले आणि पंधरा-वीस मिनिटांत आले की."

ती आली होती आठ चाळीसला. साहेबबरोबर. दोघी एकदमच आत शिरल्या होत्या.

"जाताना टेबलावरचं टपाल बघितलंस?"

"कुठलं टेबल?" तिने विचारलं. भिंगरी खोटं बोलते तेव्हा तिचे कान लाल होतात, हे सगळ्या पोस्टाला माहीत होतं. कान लाल नव्हते.

तिच्या पायांकडे पाहिलं तर ती अनवाणी होती. बूट खिडकीत उलटे करून वाळत ठेवले होते. ओले, तळव्यापासून घासून धुतलेले, शिवणीत तेवढं काहीतरी काळं राहिलेलं. या बाईने जन्मात स्वतःचे बूट धुतले नव्हते. चिखलाने भरलेले बूट घालून ती थेट सॉर्टिंगच्या खोलीत यायची आणि साहेब तिच्यावर ओरडायची.

"बूट कुणी धुतले?"

भिंगरीने खिडकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "माझेच आहेत का ते?" ती म्हणाली.

त्या वेळी मी ते थट्टेवारी नेलं. आज मला त्याची लाज वाटते.

साहेब जागेवर नव्हती. "फोनला रेंज नाही" म्हणून ती साडेनऊला खाली गेली ती पावणेअकराला आली. आली आणि सरळ मोरीत हात धुवायला गेली. मी दाराशी जाऊन उभी राहिले. ती कोपरापर्यंत साबण लावत होती. तिच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला कॉफीचा चोथा आणि अंड्याचं टरफल चिकटलेलं होतं. कडक इस्त्री केल्याशिवाय ही बाई दारात दूध घ्यायलाही जात नाही.

"कुणाला फोन केलास?"

"घरी."

"सव्वा तास?"

"तुझ्या खिडकीवर आलेय का मी?" साहेब म्हणाली. "चौकशा त्या लोकांच्या कर. मैत्रिणींच्या नको."

ती मला असं तोडून कधी बोलली नव्हती.  मी नुसती घड्याळाकडे पाहत राहिले.

वर टेलरबाईच्या पायांचा आवाज येत होता, खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. बाराला दहा कमी असताना ती खाली आली. बॅग भरून झाली होती, ती तिने जिन्यात ठेवली. केअरटेकरने फोन हातात घेतला. मी त्याला म्हणत होते, अजून दहा मिनिटं आहेत, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

तेवढ्यात साहेब जिना उतरून आली. तिने खिशातून एक पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"टपाल मी घेतलं," ती म्हणाली. "या तिघींचा काही संबंध नाही. पोलिसांना माझं नाव सांगा."

४

टेलरबाई तिच्या अंगावर धावून गेली. "मग पासपोर्ट कुठाय?"

साहेबची नजर टेबलावरच्या पत्रावर गेली.

"कुठाय? मी पाया पडते तुमच्या. कुठाय?"

साहेबचे ओठ हलले. मला तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी अठ्ठावीस वर्षं खिडकीच्या पलीकडे पाहिलं होतं. ज्याला खरंच माहीत नसतं, त्याचा तो चेहरा. चोराला माल कुठे आहे ते माहीत असतं. साहेबला माहीत नव्हतं.

मी टेबलावरचं पत्र उचललं. सहा नंबरच्या विद्यार्थ्याच्या नावाचं होतं. नाव, मग इमारतीचा नंबर चौदा, मग रस्ता, शहर. पाठवणाऱ्याने फ्लॅटचा नंबर घालायचा राहून गेला होता. केअरटेकरने विद्यार्थ्याची दोन पत्रं सांगितली होती. त्यातलं हे एक. दुसऱ्यावर फ्लॅटचा नंबर असणार.

"मला पंधरा मिनिटं द्या," मी केअरटेकरला म्हटलं. "पंधरा मिनिटांत पाकीट नाही आणलं, तर चौघींनाही धरून द्या. मी स्वतः तुमच्या बाजूने जबाब देईन. सही करून घेतलेलं पाकीट टेबलावर टाकल्याची गोष्ट मात्र त्यात येईल."

त्याने फोन खिशात ठेवला.

साहेबला मी हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावलं. "बूट तू धुतलेस."

ती खुर्चीवर बसली.

"त्यांना डांबर लागलं होतं. नदीकाठी दगडी फरशी आहे, डांबर फक्त या मागच्या गल्लीत आहे. भिंगरी गल्लीत होती आणि तिथून तू तिला घेऊन आलीस. बोल."

"परतली नाही म्हणून शोधायला उतरले, तर गल्लीच्या टोकाला उभी होती," साहेब म्हणाली. "समोर भिंत, आणि ही भिंतीकडे बघत उभी. हातात हे एकच पत्र. मला म्हणाली, साहेब, घर सापडत नाहीये. अगदी ड्युटीवर असल्यासारखी. मी पत्र काढून घेतलं आणि वर आणलं. जिन्यातून येईपर्यंत तिला काही आठवत नव्हतं. मला वाटलं, एवढं एकच उचललंय. नंतर गुपचूप ठेवून देईन. तेवढ्यात ही बाई दार बडवायला लागली."

"कधीपासून चाललंय हे?"

"थंडीपासून. दोनदा तिने मला बाजारातून फोन केला होता, 'साहेब, मी कुठे आहे?' असं विचारायला. तिने मला शपथ घातली. मुलीला कळलं तर ती पिल्लूला माझ्या हाती देणार नाही, म्हणाली. ते एक गेलं तर ती जगायची नाही गं. काय करणार होते मी?"

मला तिचा प्रचंड राग आला. पाच वर्षांची पोर, वाहता रस्ता, आणि ही बाई, जिने उशिरा आलेल्या पोस्टमनला अर्धा तास उभं केलं असतं, ती गप्प बसली होती. पण आता भांडायला वेळ नव्हता.

"आणि सव्वा तास काय करत होतीस?"

"गल्लीतले कचऱ्याचे डबे उपसत होते. सगळे पाहिले. एकातही नाही."

"डबे?" मी म्हटलं. "भिंगरीने टपाल कचऱ्यात टाकलं असेल असं तुला वाटलं?"

"तिला भान नव्हतं."

"तिला आज कुठला दिवस आहे याचं भान नसेल. तुला हजार वेळा विचारते, तिने कधी एक तरी पत्र टाकून दिलंय?"

 मी खिडकी उघडली. डांबराचा वास आत आला. खाली गल्लीत दोन्ही बाजूंना बैठी घरं होती, लहान, एकाला एक चिकटून. प्रत्येक दारात पत्रं टाकायची पितळी फट. डावीकडे एक, तीन, पाच. उजवीकडे दोन, चार, सहा. भिंगरीचा भाग हुबेहूब असा होता. तिथे फ्लॅट नव्हते, इमारती नव्हत्या. पत्रावर पहिला दिसेल तो घराचा नंबर, तिथे टाकायचं, पुढे जायचं. रस्त्याचं नाव वाचायची तिला एकतीस वर्षांत गरज पडली नाही, कारण रस्ता एकच होता.

"फ्लॅट दोन, फ्लॅट चार, फ्लॅट पाच, फ्लॅट सहा," मी म्हटलं. "तिने ते घराचे नंबर म्हणून वाचले. या पत्रावर फ्लॅट नव्हता, नुसतं चौदा होतं. म्हणून ती चौदा शोधत टोकापर्यंत गेली. बघ, शेवटचं घर कितवं आहे."

साहेब उठून खिडकीशी आली. "बारा," ती म्हणाली.

"गठ्ठ्याचं रबर परत आल्यावर तिनेच पावाच्या पिशवीला लावलं. फेकलं नाही तिने. वाटलंय. जा, तिला बूट घाल आणि खाली घेऊन ये."

५

आम्ही चौघंजण गल्लीत शिरलो. केअरटेकर माझ्यावर नजर ठेवायला आला होता. टेलरबाईला पार्सलने गल्लीच्या तोंडाशी धरून ठेवलं होतं.

आम्ही पाच नंबरपाशी पोचतो तोच समोरचं सहा नंबरचं दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. मी काही बोलायच्या आतच ते म्हणाले, "पत्र चुकून आलंय ना? मी तेच म्हणत होतो, इथे कोण विद्यार्थी." त्यांनी पत्र आणून दिलं. टेलरबाईने जोरात श्वास घेतला, तो मला गल्लीच्या तोंडापासून ऐकू आला.

आता पाच नंबर. मी बेल दाबली. पुन्हा दाबली. दार ठोठावलं.

"ते गावाला गेलेत," म्हातारे गृहस्थ मागून म्हणाले. "मंगळवारी येतील."

"किल्ली कुणाकडे असेल?"

"त्यांच्या भावाकडे. तो शहराबाहेर राहतो. यायला दीड तास तरी लागेल."

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी गुडघे टेकून पितळी झाकण वर केलं. आत पायपुसण्यावर जाड पाकीट पडलेलं होतं, पत्त्याची बाजू वर. दारापासून हातभर अंतरावर. मी हात घातला, तो मनगटाशीच अडकला. साहेबने घातला, तोही अडकला. केअरटेकरचा पंजा तर फटीतून आतच जाईना.

भिंगरी मागे उभी होती. सगळ्या गडबडीत तिला काय चाललंय हे कुणी सांगितलं नव्हतं. तिचे हात काठीसारखे बारीक आहेत.

"भिंगरी," मी म्हटलं, "तेवढं पाकीट काढून दे."

"नाही," ती म्हणाली.

"अगं, घाई आहे."

"दारातून आत पडलेलं पत्र परत काढायचं नाही. ते त्या घराचं झालं." तिने साहेबकडे पाहिलं. "साहेब, तूच सांग ना हिला. खिडकीवर बसणाऱ्यांना काय कळतंय यातलं."

 साहेबने मान फिरवली. मागे पार्सल टेलरबाईला काहीतरी हळू आवाजात समजावत होती. मला तो नियम माहीत होता आणि तो बरोबर होता. या जगात कुणाच्याही दारात हात घालायचा नसतो, म्हणून तर लोक आमच्या हाती आपली पत्रं सोपवतात.

"ठीक आहे," मी म्हटलं. "काढू नकोस. नुसता पत्ता वाच."

ती गुडघ्यांवर बसली. झाकण वर करून तिने डोळा लावला. "बाईचं नाव आहे," ती म्हणाली. "पाच. बरोबर आहे की."

"पुढे वाच."

"फ्लॅट पाच." मग थोडं थांबून, "चौदा."

तिने झाकण सोडलं नाही. तिने मान वळवून दारावरचा आकडा पाहिला, मग समोरच्या दारावरचा, मग गल्लीच्या टोकाची भिंत.

"हे चौदा नाहीये," ती म्हणाली.

"नाही."

"मग इथे कुणी टाकलं?"

 मला बोलायला हवं होतं, पण मला जमलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मग साहेबकडे. मग मान खाली घालून तिने आपले ओले बूट पाहिले, त्यांच्या शिवणीत राहिलेलं काळं डांबर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं एकेक ओळखीचं काहीतरी निघून जात होतं आणि मला ते बघवत नव्हतं.

मग तिने फटीत हात घातला. कोपरापर्यंत गेला. पाकीट बाहेर आलं. तिने पुसलं, दोन्ही हातांनी धरलं आणि ती उठली.

"माझ्या हातचं चुकलंय," ती म्हणाली. "मीच देते."

६

टेलरबाईने पाकीट फाडलं, पासपोर्ट उघडला, शिक्का पाहिला आणि ती तिथेच पायरीवर बसली. भिंगरी तिच्यासमोर उभी राहिली.

"मी उचललं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या दारात टाकलं. मला काहीच आठवत नाही. पण मीच."

मला वाटलं होतं, आता ती बाई विरघळेल, हात धरेल, असू द्या म्हणेल. तसं काही झालं नाही. सकाळभरात तिने मनातल्या मनात आईला स्मशानात पोचवलं होतं. ती उठली आणि भिंगरीला म्हणाली, "तुम्हाला बाहेर एकटं सोडतात कसं?"

आणि जिन्यातली बॅग घेऊन ती टॅक्सीत बसून गेली. केअरटेकर दोन आणि चार नंबरच्या दारांतलं टपाल आणायला गल्लीत वळला.

आम्ही वर आलो. पार्सलने चहा ठेवला.  भिंगरी पलंगावर बसली आणि तिने ते दोन केसपट्टे एकावर एक ठेवले.

"बरोबर बोलली ती," भिंगरी म्हणाली. "शाळेपासून घरापर्यंत दोन सिग्नल आहेत. मधे ट्रकचा रस्ता." मग ती साहेबकडे वळली. "तुला माहीत होतं. तरी तू मला तिला आणू दिलंस."

"तू शपथ घातली होतीस."

"तू माझी साहेब होतीस. पाच मिनिटं उशीर झाला तर तीस वर्षं ओरडलीस माझ्यावर. तेव्हा कधी ऐकलंस माझं?" तिचा आवाज चढला नाही. "याच वेळी बरी ऐकलीस."

साहेब रडायला लागली. मी तिला पहिल्यांदाच रडताना पाहिलं. पार्सल गॅस बंद करून तिच्याजवळ जाऊन बसली. मी मात्र जागची हलले नाही. मला साहेबचा राग होता, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण काल मीही त्या दुसऱ्या केसपट्ट्यावर पोट धरून हसले होते.

"फोन लाव," भिंगरी मला म्हणाली. "माझ्या मुलीला."

"उद्या घरी जाऊन समोरासमोर बोलू. आम्ही येतो तुझ्याबरोबर."

"उद्या मी नाही म्हणेन. काही झालंच नव्हतं म्हणेन. आणि तुम्ही तिघी माझ्यावर जीव टाकता, तुम्ही माझं ऐकाल. आत्ता लाव."

मी नंबर लावून फोन तिच्या हातात दिला. स्पीकर चालू होता. पलीकडे घरातला टीव्ही ऐकू येत होता आणि पिल्लू कुठल्यातरी गाण्यावर ओरडत होती.

"काय गं आई, मजा चाललीय ना?" मुलगी म्हणाली.

"हो. ऐक. सोमवारपासून पिल्लूला शाळेतून तू आणायचंस. नाहीतर कुणीतरी माणूस बघ. मी नाही जाणार."

"का गं? पाय दुखतायत का? सांगत होते, एवढं हिंडू नकोस."

भिंगरीने आमच्याकडे पाहिलं. हो म्हणणं किती सोपं होतं. आम्हा तिघींनाही त्या क्षणी वाटलं असणार, की तिने हो म्हणावं.

"नाही," ती म्हणाली. "पाय चांगले आहेत."

मग तिने टीव्ही बंद करायला सांगितलं आणि सकाळी आठपासूनचं सगळं, जेवढं आम्ही तिला सांगितलं होतं तेवढं, मुलीला सांगायला सुरुवात केली.